पहिल्या रांगेतली मान

इमारतीत अशी बातमी होती की झेरॉक्स म्हणतात त्या मुलीचे मामा मोठे विचारवंत आहेत. टीव्हीवरच्या गप्पांना कोणाला बोलवायचं आणि कोणाला टाळायचं हे म्हणे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही. एका बड्या पुढाऱ्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलता बोलता आपलं वाक्य फिरवलं होतं, आणि मानाचं पद चालून आलं तेव्हा त्यांनी ‘वाचन मागे पडतं’ एवढंच सांगून ते परत पाठवलं होतं. बातमी निघायची तळमजल्यावरच्या काकूंकडून आणि जिना चढता चढता बाळसं धरायची. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मामांच्या नावावर दोन ग्रंथ जमा झालेले असायचे.

खरी गोष्ट एवढीच, की मामा मान हलवतो.

एका वाहिनीवर गप्पांचा कार्यक्रम होतो. वर सोफ्यावर सूत्रसंचालक आणि पाहुणा, खाली खुर्च्यांवर प्रेक्षक. पाहुणा काही खोल बोलला, म्हणजे आवाज खाली नेऊन सावकाश बोलला, की पडद्यावर क्षणभर प्रेक्षक दिसतात. त्यांत पहिल्या रांगेत मधोमध एक गृहस्थ असतो. करडी दाढी, काळ्या काड्यांचा चष्मा, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट. तो डोळे किंचित बारीक करतो आणि मान हलवतो. झालं. घरोघरी बघणाऱ्यांना वाटतं, ज्याअर्थी या माणसाला पटलं त्याअर्थी त्यात पटण्यासारखं काहीतरी असणार. चष्म्याला नंबर नाही आणि ठिगळांखाली भोकं नाहीत, हे पडद्यावर कळत नाही.

या कामाआधी मामा फ्रिज विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या खिडकीमागे बसायचा. लोक तावातावाने यायचे, बंद पडलेल्या फ्रिजची कर्मकहाणी सांगायचे, मामा मान हलवायचा, आणि लोक निवळून घरी जायचे. फ्रिज बंदच राहायचा. पण आपलं दुःख इतकं समजून घेणारा माणूस दुसरीकडे मिळायचा नाही, म्हणून त्यातल्या काहींनी नवा फ्रिजही तिथूनच घेतला. मग एकदा कोणीतरी दिलेल्या पासवर मामा हा कार्यक्रम बघायला गेला, कॅमेरा फिरता फिरता त्याच्यावर अडकला, आणि खिडकी सुटली ती सुटलीच. आता त्या खिडकीत माणूस नसतो. एक यंत्र असतं आणि ते ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असं दिवसभर म्हणत असतं.

घरात मात्र या मानेला कोणी विचारत नाही. मामी आतून ओरडते, “अहो, गॅस बंद केलात ना?” मामा बाहेरून मान हलवतो आणि दूध उतू जातं. इमारतीत उलट. मुलाने नोकरी सोडून परदेशी जावं का, हे तळमजल्यावरच्या काकूंनी मामालाच विचारलं होतं. मामाने मान हलवली, मुलगा गेला, त्याचं छान चाललंय. दुसऱ्या मजल्यावरच्याने अशाच मानेवर विसंबून दुकान काढलं आणि ते बसलं. तोही मामाला दोष देत नाही. म्हणतो, मान त्यांनी बरोबरच हलवली होती, अर्थ लावताना मी चुकलो.

झेरॉक्स ही मामाची भाची, नववीतली. हे नाव तिला घरच्यांनीच दिलं, कारण ती ज्याचं ऐकेल त्याचा आवाज तिच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडतो. मुख्याध्यापिकेच्या आवाजात तिने एकदा शिपायाला घंटा द्यायला लावली होती आणि अर्धी शाळा दप्तरं घेऊन फाटकापर्यंत गेली होती. आईचा फोनवरचा गोड आवाज आणि फोन ठेवल्यानंतरचा दुसरा आवाज ती एका श्वासात काढते. घरातलं, शेजारचं, नात्यातलं कोणी तिच्या तावडीतून सुटलेलं नाही. फक्त मामा सुटला. आवाज काढायचा तर समोरच्याने आधी आवाज तर काढला पाहिजे. तिने मामाची मान करून पाहिली तेव्हा आईने विचारलं, “मान अवघडलीय का गं? तेल लावू?” हे झेरॉक्सच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून सुट्टीत एक दिवस मामाबरोबर स्टुडिओत जायचं तिने ठरवलं. तो दिवस नेमका मामाच्या खुर्चीवर गंडांतर आलेला निघाला.

झालं होतं असं. मामाच्या सगळ्याच माना कार्यक्रम चालू असताना घेत नाहीत. पाहुणा मेकअप करून घेत असतो तेव्हाच काही जादा माना एकगठ्ठा घेऊन ठेवतात, आणि मग जिथे कमी पडेल तिथे एकेक चिकटवतात. मागच्या एका भागात एक तरुण उद्योजक म्हणाला, म्हाताऱ्यांनी आता गप्प बसावं. मामाने मान हलवली. त्याच भागात एक वयस्कर लेखक म्हणाले, तरुणांना काडीची अक्कल नाही. मामाने मान हलवली. एरवी हे खपून गेलं असतं, पण दोन्ही वेळा मामाच्या कॉलरवर तीच माशी बसली होती, त्याच जागी, तेच पाय चोळत. चिकटवणाऱ्याने एकच मान दोनदा वापरली होती. कोणीतरी दोन्ही तुकडे जोडून वर गाणं घातलं आणि ते सगळ्यांच्या फोनवर फिरलं. लोक मामापेक्षा माशीवरच जास्त खूश होते. वाहिनीवाले मात्र हादरले आणि त्यांनी नवी दिग्दर्शिका आणली.

मामा हे सगळं घरी बोलला नव्हता. झेरॉक्सने फोनवर पाहिलं होतं आणि बसमध्ये त्याला डिवचलंही, माशीला किती मिळाले म्हणून. मामाने खिडकीबाहेर बघत मान हलवली.

स्टुडिओ म्हणजे एक प्रचंड थंडगार गोदाम निघालं. टीव्हीवर सोफ्यामागे पुस्तकांची भिंत दिसते. जवळून पाहिलं तर खालच्या दोन फळ्यांवर पुस्तकं, वर नुसत्या लाकडी पट्ट्यांना रंगवलेल्या पाठी. खिडकीबाहेरची चांदण्यातली बाग कापडावर छापलेली होती आणि तिच्यामागे चहावाल्याची किटली उकळत होती. सूत्रसंचालकाचा कोट समोरून अंगावर ओतल्यासारखा बसला होता, आणि पाठीमागे तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळलेला होता. हा माणूस टीव्हीवर मध ओतल्यासारखं बोलतो. इथे तो चहा गार झाल्याबद्दल नाकातून कुरकुरत होता. झेरॉक्सने तो आवाज जागच्या जागी उचलला आणि हळूच म्हणून पाहिला. चहावाला दचकून मागे वळला.

आजचे पाहुणे सुखाने कसं जगावं यावर भाषणं देत गावोगाव फिरणारे एक गुरुजी होते. ते मेकअपच्या खोलीत उशीवरून भांडत होते. त्यांचं म्हणणं, सूत्रसंचालकाच्या पाठीशी दोन उशा आणि आमच्या पाठीशी एक, हे कसं?

खाली हेडफोन लावलेला एक पोरगेला इसम प्रेक्षकांना सँडविच वाटून झाल्यावर भावना वाटत होता. आता आश्चर्य द्या. आता हळहळ. नाही, एवढी नाही, कोणी गेलेलं नाहीये. आता टाळ्या, पण मनातून आल्यासारख्या. झेरॉक्सला स्वर्ग हाती आला होता. कोणाकोणाचा आवाज साठवावा आणि कोणाचा सोडावा तिला कळेना.

मामा आपल्या खुर्चीत बसून खिशातून कापूस काढत होता. त्याने बोटांनी दोन बोळे वळले. तिने विचारलं, कान दुखतोय का?

“कामाचं आहे,” मामा म्हणाला. “ऐकलं की संपलं. एखादं वाक्य पटत नाही आणि मान अडते.”

मग कधी हलवायची ते कसं कळतं, असं तिने विचारलं तर म्हणाला, भुवया बघायच्या. बोलणाऱ्याचं वाक्य संपलं की तो भुवया वर करतो, आपल्याला पटलं का ते बघायला. तेवढ्यात गाठायचं. इतकी वर्षं मामा विचारवंत म्हणून ओळखला जात होता आणि इतक्या वर्षांत त्याने एकही विचार ऐकला नव्हता. झेरॉक्स हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली.

बोळे कानात जायच्या आधीच दिग्दर्शिका आली. तरुण, घाईतली, गळ्यात दोन शिट्ट्या. तिने मामाला सांगितलं की आजपासून त्याने मागे बसायचं, अगदी मागे, खांबाजवळ.

“तुमची मान लोकांच्या ओळखीची झालीये, काका. मला पुढे खरी माणसं हवीत.”

मामाने मान हलवली.

“बघा, हेच,” ती म्हणाली आणि निघून गेली.

खांबाजवळच्या खुर्चीतून सोफा दिसत नव्हता. दिसत होता तो खांब. मागच्या रांगेतल्या माणसांना पुढच्या वेळी बोलावणं येतंच असं नाही, हे हेडफोनवाल्याने मामाला आपुलकीने सांगितलं. त्याचा अर्थ झेरॉक्सलाही कळला. पण तिची जीभ कधी आवरली होती?

“मामा, गेली रे तुझी खुर्ची.”

“जात नाही.”

“लाव पैज.”

मामाने चष्मा काढून पुसला. नंबर नसलेल्या काचा तो इतक्या मन लावून पुसत होता की झेरॉक्सला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. मग मामाने अटी सांगितल्या. रेकॉर्डिंग संपताना तो पहिल्या रांगेत मधोमध नसला तर ती जिंकली, आणि मग तो स्वतः तळमजल्यावरच्या काकूंना सांगेल की मला काही येत नाही, मी मान हलवतो फक्त.

“आणि मी हरले तर?”

“या दारातून बाहेर पडल्यापासून झोपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. उभी. आडवी चालणार नाही.”

झेरॉक्सने टाळी दिली. काकूंचा तो ऐकतानाचा चेहरा तिला आत्ताच दिसायला लागला होता. मामा उठला, दिग्दर्शिकेकडे गेला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. गयावया करतोय, झेरॉक्सला वाटलं. पण दिग्दर्शिका तिच्याकडेच बघायला लागली आणि मग बोटाने खूण करून म्हणाली, तू ये गं पुढे, मधली खुर्ची रिकामी आहे, चेहरा छान ताजा आहे तुझा.

म्हणजे पैज जिंकायची ती जिंकायची, आणि वर मामाच्याच खुर्चीत बसून. झेरॉक्स टुणकन गेली. दिग्दर्शिकेने तिला समजावलं की काही म्हणजे काही करायचं नाही, फक्त खरं वागायचं. मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाली, “एवढं नको. पाय खाली घे.”

दिवे लागले. सूत्रसंचालकाच्या नाकातली कुरकुर जाऊन मध आला. सुख म्हणजे काय, तो म्हणाला, सुख आपण बाहेर शोधतो, आणि ते असतं आपल्या आत, खरं की नाही? असं म्हणून त्याने भुवया वर केल्या आणि सवयीने पहिल्या रांगेत मधोमध पाहिलं.

तिथे त्याला तो स्वतःच दिसला.

झेरॉक्सचा यात काही दोष नव्हता. ती लक्ष देऊन ऐकत होती, आणि लक्ष देऊन ऐकायला लागली की तिचे ओठ समोरच्याबरोबर हलतात, नाक फुगतं, भुवया चढतात. तिला त्याचा पत्ताही नसतो. सूत्रसंचालकाने वाक्य पुन्हा घेतलं. सुख आपल्या आत असतं. म्हणजे बाहेर नसतं. म्हणजे असं बघा, की आत असतं. खालची मुलगी त्याच्याबरोबर गोंधळली, त्याच्याबरोबर तिने कपाळावरचा घाम पुसला. त्याने हात वर करून थांबवलं आणि दिवे डोळ्यांवर येतायत अशी तक्रार केली.

दिवे हलवले. या वेळी गुरुजींनी सुरुवात केली. हनुवटी वर, दोन बोटं जुळवलेली, प्रत्येक शब्दानंतर एवढी मोठी फट की तिच्यातून बैल जावा. राग... हा... आपला... शत्रू. खाली एक हनुवटी वर गेली, दोन बोटं जुळली, तोंड फटीफटीने उघडायला लागलं. गुरुजी उभे राहिले.

“ही कार्टी माझी चेष्टा करतेय,” ते ओरडले, आणि पाठीमागची एकुलती एक उशी खाली आपटली.

सगळं सभागृह हसलं. हेडफोनवाल्याने खूण केलेली नसताना हसलं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. दिग्दर्शिकेला हवं होतं ते खरं म्हणतात ते हेच असावं. तिने ते कापायला सांगितलं.

झेरॉक्सला कडेला बसवलं आणि तिच्या जागी एक खरी बाई आणली. ती खरोखर कंटाळली होती, त्यामुळे तिने जांभई दिली. मग एक खरा तरुण आणला. सूत्रसंचालकाने खरं की नाही विचारल्यावर त्याने नीट विचार केला आणि आडवी मान हलवली. सूत्रसंचालकाचा आवाज चिरकला. जो माणूस इतकी वर्षं मोठमोठ्यांना प्रश्न विचारत आला त्याला कोणीतरी पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं. त्याने कोट उतरवला, तसे पाठीमागचे चिमटे टपाटप खाली पडले.

“ते सर कुठे आहेत?” तो नाकातून म्हणाला. “दाढीवाले. त्यांना बसवा इथे. ते समोर असले की मला कळतं, मी बरोबर बोलतोय.”

सर खांबामागून उठले. घाई नाही, हसू नाही. कोट झटकला, कॉलरवर माशी नाही ना ते पाहिलं, मधल्या खुर्चीत बसून एकेका कानात एकेक बोळा नीट सरकवला आणि डोळे बारीक केले. सूत्रसंचालकाने सुख कुठे असतं ते सांगितलं. भुवया वर गेल्या. मान हलली. काय सांगावं, माणूस फुललाच. गुरुजींची वाणीही अशी सुटली की फटी बुजल्या. एका दमात सगळं रेकॉर्डिंग पार पडलं, आणि दिवे विझले तेव्हा मामा पहिल्या रांगेत मधोमध होता.

जाता जाता गुरुजींनी मामाचा हात दोन्ही हातांत धरला. तुमच्यासारखं मनापासून ऐकणारं माणूस आता राहिलं नाही, म्हणाले. मामाने त्यांच्या भुवयांकडे पाहिलं आणि मान हलवली. बोळे अजून कानातच होते. दिग्दर्शिकेने मामाला पुढच्या वेळचा पास दिला आणि पुढचीच खुर्ची आहे असं सांगितलं, माशीचं तेवढं बघा म्हणाली. तिलाही खऱ्या माणसांचा दिवसभरात बराच शीण झाला होता.

स्टुडिओचं दार ओलांडलं आणि झेरॉक्सचं तोंड बंद झालं. बसमध्ये मामा शेजारी बसला, कानातले बोळे काढले, आणि बोलायला लागला. इतकं तो कधीच बोलला नव्हता. बरं, आवाजही छान निघाला, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. उचलण्यासारखा.

“तुझं नाव मीच सुचवलं,” तो म्हणाला. “बाईंना सांगितलं, खरी माणसं हवीत ना, मग ही माझी भाची बघा, हिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बघतोय, कोणी बोलायला लागलं की तुझे ओठ हलतात. टाळी देताना एवढंही आठवलं नाही तुला?”

झेरॉक्सच्या घशात एकूण एक आवाज जमा झाले. मुख्याध्यापिका, आई, गुरुजी, सगळे रांगेत उभे, प्रत्येकाकडे मामासाठी तयार वाक्य. तिने ती सगळी रांग गिळली आणि मान हलवली.

इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या काकू उभ्याच होत्या. त्यांनी मामाला वाट दिली आणि भाचीला धरलं. म्हणजे आज तू डोळ्यांनी पाहून आलीस तर. मग सांग बाई, कार्यक्रम यांच्याशिवाय पुढे सरकत नाही म्हणतात, ते खरं का? झेरॉक्सने मान हलवली. हे निदान खोटं नव्हतं. आणि तो सूत्रसंचालक म्हणे यांच्याकडे बघितल्याशिवाय बोलत नाही? मान हलली. आजचे पाहुणे काय म्हणाले, पाया पडले का? झेरॉक्सचं तोंड उघडलं. जिन्यावरून मामा खाकरला. तोंड मिटलं आणि मान हलली.

“आणि काय गं,” काकूंनी आवाज खाली आणला, “तिसरा ग्रंथ लिहितायत, हो ना?”

झेरॉक्सने काकूंच्या भुवयांकडे पाहिलं. त्या वर गेल्या होत्या. तिने डोळे किंचित बारीक केले आणि मान हलवली, सावकाश, एकदाच. इतकी वर्षं तिला जमली नव्हती ती मान अखेर जशीच्या तशी उतरली.

काकू बघतच राहिल्या. मग पदर खोचून ही बातमी द्यायला पहिल्या मजल्याकडे निघाल्या, आणि जाता जाता मामाला म्हणाल्या, “मुलगी तुमच्यावर गेलीय हो.”

मामाने मान हलवली.